तायक्योकू आधी, हेयान मागून

सर, आज नांदेडच्या माझ्या कराटेच्या वर्गात नव्या मुलींना पहिली काता म्हणून तायक्योकू शिकवली. हेयान शोदान नाही. तुम्ही समोर असता तर पट्ट्याची गाठ सोडून पुन्हा आवळली असती. राग आला की तुम्ही तेवढंच करायचात. आवळा खुशाल. इतकी वर्षं मी तुमच्याच क्रमाने शिकवत आले, तेव्हा आता तुमच्याशी वाद घालायचा हक्क मी कमावला आहे असं मला वाटतं.

लातूर नवा जिल्हा झाला आणि तुम्ही कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागलात. रोज मुरुडहून बसने यायचात आणि कचेरी सुटली की शाळेच्या मैदानावर आम्हा पंधरा-वीस पोरापोरींना उभं करायचात. काता म्हणजे काय, असं माझ्या आईने विचारलं, तेव्हा तुम्ही तिला समजावलंत, की समोर कोणी नसताना ठरलेल्या क्रमाने लढायचं. आई म्हणाली, हे तर आमच्या सासूबाई रोजच करतात. तुम्हाला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग दुष्काळ पडला. टँकर शाळेच्याच मैदानात येऊ लागला आणि गल्लीची पिपं तिथे कायमची मुक्कामाला आली. हेयानमध्ये सरळ तीन पावलं पुढे जायचं असतं, तिसऱ्याला आरोळी द्यायची असते, आणि आम्हाला जागा उरली दोनच पावलांची. तुम्ही पिपांकडे बघून म्हणालात, ‘‘तिसरं पाऊल मनात टाका. पाऊस झाला की जमिनीवर टाकू.’’

पाऊस होण्याआधी नांदेडची स्पर्धा आली. भलामोठा हॉल, हवी तेवढी जागा. आणि आम्ही सहा जण एकामागून एक गेलो, दोन पावलं टाकली, तिसरं मनात टाकलं आणि जागेवरच आरोळी ठोकली. चौथ्या पोराला पंचांनी थांबवून विचारलं, ‘‘लातूरला जिल्हा नवा झाला म्हणून काता बी नवी केली का?’’ हॉल हसत होता आणि तुम्ही भिंतीला टेकून खाली बघत होतात. मला आमच्या हरण्याची लाज वाटली नाही, तुमच्याकडे बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पिपांना वळसा घालून चुन्याच्या रेघा मारल्यात. ‘‘चूक माझी हाय,’’ म्हणालात, ‘‘आता हात कमरेला. नुस्तं चाला अन् वळा.’’ महिनाभर आम्ही तेवढंच केलं. माझे पाय त्या महिन्यात शिकले, सर. त्याआधी मी फक्त हात हलवत होते.

तायक्योकू म्हणजे दुसरं काय असतं? एक बचाव, एक ठोसा, बाकी सगळं चालणं आणि वळणं. पण पाऊस झाला, पिपं गेली आणि पुढच्या बॅचला तुम्ही पुन्हा पहिल्या दिवशी हेयानच दिलीत. मूठ कधी मिटायची, कधी उघडायची, यात ती पोरं गुरफटली आणि अर्धी निघून गेली. मी तेव्हा तपकिरी पट्ट्याची. नव्यांना तायक्योकू देऊ का, एवढंच विचारलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ‘‘तुला सोपं करून द्यायची लई घाई. अशानं पोरं येतील, कराटे न्हाई येणार.’’ नोकरी लागून नांदेडला आले, तुम्ही गेलात तेव्हा मातीला आले, तोवर तो विषय आपल्यात निघालाच नाही. तुमच्या क्रमाने शिकवताना मी किती पोरं गमावली, ते मला माहीत आहे. भीतीने शिकवत होते मी. तुम्ही चुकत होतात, हे मला त्या दिवशीच कळलं होतं.

गेल्या आठवड्यात तुमची मुलगी आली, तिच्या मुलीला घेऊन. नात आठ वर्षांची आहे, उभी राहते अगदी तुमच्यासारखी, पायांचे अंगठे बाहेर काढून. तुमच्या मुलीने एकच विचारलं, ‘‘ताई, बाबा शिकवायचे तसंच शिकवता ना?’’ आज तुमच्या मुलीला दाराशी बसवून मी पोरींना हात कमरेला ठेवून चालवलं. नात पहिल्या वळणाला चुकली, दुसऱ्याला चुकली, तिसऱ्याला बरोबर वळली आणि आपणहून हसली. एकही पोरगी रडली नाही. सुटताना नातीने विचारलं, ही काता कोणाची?

मी म्हटलं, तुझ्या आजोबांची, ते सगळ्यांना हीच आधी शिकवायचे. दाराशी तुमच्या मुलीचे डोळे भरून आले. सर, मी तिला खरं सांगणार नाही.