हैदराबादला न पोचलेला प्रश्न

१२ जून, गुरु.
इंजिनिअरिंगला दोन्हीकडून ॲडमिशन मिळाली. हैदराबाद आणि जयपूर. २० ला पाचपर्यंत एक कळवायचं. ब्रँच कुठली विचारलं की मी पटकन 'कॉम्प्युटर' म्हणते. खरं तर काहीच ठरत नाहीये. पप्पांनी ओळखलं. "नसंल नक्की तर नसू दे. विचारू त्यांना, नंतर बदलता येते का."

१४ जून, शनि.
हैद.ची पालकांसाठी ऑनलाइन मीटिंग. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर. प्रश्न वहीत लिहून आणलेला. बाकीचे पालक फाडफाड इंग्लिश. पप्पांचा नंबर आला. "सर, नमस्ते. हमारी लडकी का अभी..."
मी माइक बंद केला.
त्यांना कळलं नाही. सगळा प्रश्न वाचला, वर "धन्यवाद सर". तिकडचे सर इंग्लिशमध्ये भरभर काहीतरी बोलले आणि पुढचं नाव घेतलं.
"काय म्हणले?"
"काही नाही."

१५ जून, रवि.
चांदवडहून मामा आला. पप्पा त्याला म्हणाले, "हैदराबादवाले आपल्यासारख्यांना उत्तर देत नाहीत."
मामा : "मंग कसलं मोठं कॉलेज! नको तिकडं."
मी पोहे वाढत होते. 'आपल्यासारख्यांना.' हा शब्द आजोबांच्या तोंडी असायचा, गावाकडचं सांगताना. पप्पांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तेव्हाच बोलायला हवं होतं. लिंबू आणायला आत गेले.

१६ जून, सोम.
पप्पांनी जयपूरला फोन लावला. तीच वही, तेच हिंदी. तिकडच्या बाईंनी नीट सांगितलं, पहिल्या वर्षाला मार्क असले की ब्रँच बदलता येते. पप्पा खूश. "बघ, माणसं आहेत."
आता घरात जयपूरच चाललंय. वाईट नाही जयपूर. मला हैद. हवंय का, तेही सांगता येत नाही. पण ते बाद झालं ते माझ्या बोटानं.

१८ जून, बुध.
डबा द्यायचं निमित्त करून अंबड एमआयडीसीत पप्पांच्या कंपनीवर गेले. फिटर आहेत तिथे, बावीस वर्षं. गेटबाहेरच्या कट्ट्यावर पप्पा जेवायला बसले. माइकचं सांगून टाकलं.
घास हातातच राहिला.
"हिंदी लय चुकलं का माझं?"
"नाही."
"मग?"
"लाज वाटली."
डबा अर्धाच खाऊन बंद केला. "जा घरी. ऊन आहे." रागावले असते तर बरं झालं असतं.

१९ जून, गुरु.
मीच हैद.ला फोन केला. स्पीकरवर, पप्पा शेजारी. 'माझं अजून ठरलेलं नाही' हे पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. मॅडम म्हणाल्या, जागा उरल्या तरच बदल, खात्री नाही. मग म्हणाल्या, "पापा से बात कराइए." पप्पांनी मान हलवली. नको.
नंतर त्यांनी मामाला फोन केला. "त्यांची चूक नव्हती रे." मग चूक कोणाची, ते सांगितलं नाही.

२० जून, शुक्र.
पप्पांनी आज सुट्टी टाकली. दुपारी त्यांना कुरियरवाल्याचा फोन आला, हिंदीत. पप्पा कंपनीत परप्रांतीयांशी दिवसभर हिंदीत गप्पा मारतात. आज फोन माझ्या हातात दिला. "तू बोल."
बोलले.
आता साडेतीन. दोन्ही पोर्टल उघडून बसलेय. पप्पा बाहेरच्या खोलीत आहेत. कुठलं, असं एकदाही विचारलेलं नाही.