जिभेखालचं बटण

३ सप्टेंबर, गुरुवार

बटणाचा काहीएक उपयोग झाला नाही!

घरून निघतानाच जिभेखाली ठेवलं होतं. कोटाचं, चार भोकांचं, चांगलं जाडजूड. म्हटलं, तोंडात एवढा धोंडा असताना बाई बोलणार कशी? चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनासभेत पाऊण तास गप्प बसले. पाळकबाईंनी विचारलंसुद्धा, "दात दुखतोय का गं?" मी मान डोलावली. (तेही खोटंच झालं म्हणा.) मग त्या म्हणाल्या, "आणखी कुणाचा प्रार्थनेचा विषय?" — आणि मी बटण रुमालात काढून ठेवलं आणि बोलले. काढून ठेवून बोलले! म्हणजे चुकून निसटलं असं म्हणायचीही सोय नाही.

"माझ्या नणंदेसाठी प्रार्थना करा. मानेत गाठ आलीय. तपासायला दिलीय. फार खंगलीय हो, दोन महिन्यांत कमरेत तीन इंच कमी." आणि वर मानभावीपणे, "कुणाला बोलू नका हं."

काय ती हळहळ! सगळ्या माझ्याकडे सरकून बसल्या. खोटं कशाला लिहू — बरं वाटलं. पाच मिनिटं. घरी येताना बटण रुमालातून काढून पुन्हा तोंडात ठेवलं.

बेबीने (चाळिशी उलटली तरी नणंदबाई घरात बेबीच) मंगळवारी स्कर्ट आत घ्यायला आणले, तेव्हा सांगितलं होतं. मी खाली बसून तिची घडी टाचत होते, तोंडात टाचण्या. "वहिनी, रिपोर्ट येईपर्यंत आईला कळता कामा नये. मी स्वतः सांगेन तिला." मी टाचण्यांतूनच "हं" केलं. हे नेहमी म्हणतात, "तुझ्या तोंडात टाचण्या असतात तेवढाच वेळ तुझ्यावर भरवसा ठेवावा." आम्ही सगळे हसतो. आज नाही हसू येत.

४ सप्टेंबर, शुक्रवार

प्रभूला पुन्हा वचन दिलं. शेवटचं. शेवटचं कितवं, ते विचारू नये.

६ सप्टेंबर, रविवार

व्हायचं ते झालं.

उपासना संपली. बाहेर पायऱ्यांवर गर्दी. गायनमंडळातल्या उंच बाई आल्या, सासूबाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "धीर सोडू नका हं आजी. गाठ काय, हल्ली औषधं चांगली आहेत." सासूबाई म्हणाल्या, "कुणाची गाठ?"

बेबी दोन पायऱ्या खाली उभी होती. तिने ऐकलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, पण बघत होते. सासूबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या मानेकडे, आणि मटकन पायरीवरच बसल्या. मग बेबीला तिथेच, दहा माणसांत, आईच्या पुढ्यात बसून सांगावं लागलं.

फाटकाशी मला गाठून म्हणाली, "वहिनी, माझं आजारपण तू माझ्याआधी वाटून मोकळी झालीस. आईला कसं सांगायचं, ते मी पंधरा दिवस मनात जुळवत होते गं."

"अगं, मी प्रार्थनेसाठीच —"

"प्रार्थनेचं नाव घेऊ नकोस." आवाजसुद्धा चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

दर रविवारी जेवायला येते. आज पलीकडच्या गल्लीत आपल्या खोलीवर निघून गेली. ताट मांडलेलं तसंच होतं. सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. हे फक्त म्हणाले, "आता तरी?"

७ सप्टेंबर, सोमवार

मशीन बंदच आहे. नुसती बसलेय.

माप घेणाऱ्या बाईपासून काय लपतं? कोण सुटलं, कोण वाळलं, कुणाच्या दंडावर वळ आहे, कुठल्या नवरीचा गाऊन आयत्या वेळी सैल करायचाय — सगळं आधी माझ्या फितीला कळतं. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. त्या नवरीचं मीच बोलले होते. लग्न मोडता मोडता राहिलं. तेव्हाही रडले, उपास केला, वचन दिलं. महिनाभराने शाळेतल्या बाईंच्या नवऱ्याचं बोलले.

आणि लबाडी किती! बाजारात बोललं तर चहाडी. गुरुवारी डोळे मिटून बोललं तर प्रार्थनेचा विषय. अठ्ठावीस वर्षं मी लोकांची अब्रू प्रभूचं नाव लावून वाटत आलेय. लिहितानाच शरम वाटतेय, पण लिहिते.

९ सप्टेंबर, बुधवार

पाळकबाईंकडे गेले. त्या ओट्यापाशी शेंगा सोलत होत्या. सगळं सांगितलं, बटणासकट. बटणावर त्या हसल्या. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत! मला राग आला.

म्हणाल्या, "अगं, जिभेला टाके घालून भागत असतं तर तुला केव्हाच जमलं असतं. तुझ्यासारखा टाका आहे कुणाचा?"

"मग करू काय?"

"वचनं द्यायची बंद कर. दर वेळी प्रभूला जाऊन सांगतेस, आता मी चांगली होणार. त्याने कधी म्हटलं, आधी चांगली हो आणि मग ये?"

त्यांनी आणखी एक शेंग सोलली.

"बरं, मला सांग. तुझं त्याला काय काय माहीत आहे?"

"सगळंच."

"कुणाकुणाला सांगितलं त्याने?"

आणि माझी वाचाच बसली. माझी! तोंडात एक टाचणी नसताना!

कुणाला नाही सांगितलं. माझी सगळी मापं त्याच्याकडे आहेत — मनातल्या मनात कुणाला काय काय म्हटलंय, कुणाचं वाईट झालेलं ऐकून गुदगुल्या झाल्यात, सगळं. आणि त्याने माझं एक अक्षर चारचौघांत मांडलं नाही. अंगावर घेतलं. चारचौघांत उघडा झाला तो स्वतःच, क्रुसावर, माझ्या जागी. हे मी लहानपणापासून ऐकतेय. आज ऐकू आलं.

रडले. पण नेहमीचं, छाती पिटून घेणारं रडणं नव्हतं ते. लहान पोर घरी पोचल्यावर रडतं तसं. पाळकबाईंनी शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली. दोघींनी मिळून सोलल्या. वचन दिलं नाही. नुसतं म्हटलं, प्रभू, माझ्याच्याने होत नाही. तू दया कर.

१० सप्टेंबर, गुरुवार

गेले. बटण घरी.

"प्रार्थनेचा विषय?" म्हटल्यावर हात वर केला. सगळ्या सरसावून बसल्या — सवयच लावलीय ना मी!

म्हटलं, "आजचा विषय मीच आहे." आणि सांगितलं. नणंदेने विश्वासाने सांगितलेलं मी इथे वाटलं, प्रार्थनेच्या नावाखाली चहाडी करत आले, गेली कितीक वर्षं. कारणं दिली नाहीत. काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! पाठीवरचं ओझं कुणी मागून उचलावं तसं.

मग उंच बाई खाकरल्या. "मीपण. ते पुढे मीच नेलं." मग मागच्या बाकावरून आणखी एक, "आणि मी त्यांना खोदून विचारलं." इतक्यात पाळकबाई म्हणाल्या, "आणि मी दर गुरुवारी ऐकत बसले. थांबवलं नाही." त्या! मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

मग प्रार्थना झाली. खरीखुरी. पहिल्यांदाच कुणी डोळे किलकिले करून बघत नव्हतं. मीसुद्धा नाही, म्हणजे कुणी बघत नसणारच असं धरून चालते.

१२ सप्टेंबर, शनिवार

बेबीकडे गेले. दार अर्धंच उघडलं तिने. उंबऱ्याबाहेर उभी राहून माफी मागितली. "पण" न लावता.

तिने दारावरचा हात काढला नाही. "माफ केलं वहिनी. पण आत ये म्हणवत नाही एवढ्यात."

म्हटलं, "बरोबर आहे तुझं." रस्ताभर डोळे पुसत आले. तरी आतली शांती हलली नाही. याचंच नवल वाटतंय.

१५ सप्टेंबर, मंगळवार

गाठ साधी निघाली!! साधी!!!

बेबीने भावाला फोन केला. हे सासूबाईंना घेऊन दुकानात सांगायला आले. मी कापडाच्या ढिगावर बसकण मारली आणि हात जोडले. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. नऊ दिवसांनी.

आणि ऐका गंमत — मी कुणाला फोन केला नाही! दात आवळून नाही हो. करावासाच वाटला नाही. बातमी तिची, तीच सांगेल. दुपारी उंच बाई चेन बसवायला आल्या, हळूच म्हणाल्या, "काय गं, रिपोर्ट?" मी म्हटलं, "तिलाच विचारा." त्या ओशाळून हसल्या, मीही हसले. त्या गेल्यावर मशीनवर बसून मोठ्याने गायले. शेजारचा चांभार डोकावून गेला.

२२ सप्टेंबर, मंगळवार

घसरले.

जेवताना ह्यांना शाळेतल्या बाईंच्या कोटाबद्दल सांगायला लागले. अर्ध्या वाक्यात कळलं. थांबले. "अहो, आत्ता बोलले ते विसरा. ते माझं सांगायचं नव्हतं."

ह्यांचा घास हातातच. "तुला बरंबिरं आहे ना?"

पूर्वी आठवडाभर देवाला तोंड दाखवलं नसतं. आता भांडी घासता घासताच म्हटलं, प्रभू, बघितलंस ना? परत आले बघ. दया काही संपलेली नव्हती. मी उगाच इतकी वर्षं शिल्लक किती राहिली म्हणून घाबरत होते.

१ ऑक्टोबर, गुरुवार

सभेत आता नियमच झालाय. ज्याने त्याने आपापलंच सांगायचं. पहिल्या गुरुवारी दहा मिनिटांत विषय संपले! नुसत्या एकमेकींची तोंडं बघत बसलो. आज मात्र, जी बाई कधीच काही बोलत नाही, ती बोलली. स्वतःचं. केवढं साठलं होतं तिच्यात. आम्ही बोलायला जागा ठेवली असती तर आधीच बोलली असती.

८ ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभरात चौदा गिऱ्हाइकं आली, चौदा तऱ्हा, आणि माझ्या दुकानातून कपड्यांशिवाय काहीही बाहेर गेलं नाही. प्रभूचा जयजयकार असो!

१७ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी बेबी आली. दुकानाचं दार आत येऊन तिनेच लावलं. म्हणाली, "वहिनी, हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही," आणि दोन तास बोलली.

काय बोलली, ते या वहीतही लिहिणार नाही.