वर्दी दिसल्याशिवाय थांबू नको

दिन्या,

प्रिय बिय लिहीत नाही. जिवंत होतास तेव्हा कधी म्हटलं नाही, आता कशाला सोंग? उद्या अकरा वाजता मला प्रांतसाहेबांच्या ऑफिसात तुला लागलेल्या गोळीबद्दल जबाब द्यायचाय आणि मी घाबरलेय. हे घरात सांगायची सोय नाही. तू कोणाला जाऊन बोलणार नाहीस, म्हणून तुला लिहिते. दुसरीत शाळा सुटली, आकडे बरे येतात, अक्षरं तेवढी भांडतात. लावून घे.

दुपार आहे. लाईट गेलीय, गल्लीतले लूम बंद पडलेत. पायाखालची थरथर थांबली त्यावरून मला कळलं. दाराला आतून कडी आहे, कडीखाली स्टूल टेकवलंय आणि स्टुलावर पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास. कोणी दार ठोकलं तर मला ऐकू येणार नाही, पण पाणी हललेलं दिसेल. दोन ओळी लिहिते आणि ग्लास बघते. हसायचं तर हस. सकाळी मांजर अंगावरून गेलं तर मी लाटणं घेऊन उभी राहिले होते.

तुला व्हिडिओ कॉलची सवय मीच लावली. लूमच्या खडखडाटात तीस वर्षं कापडाचे ताके तपासले, कान तिथेच ठेवून आले. पण तिथे सगळ्याच बायका ओठ बघून बोलायच्या. दहा लूमच्या पलीकडून आम्ही एकमेकींच्या सासवांची निंदा करायचो, मालकाला पत्ता नसायचा. तीच विद्या तुझ्या फोनवर कामाला आली. रोज जेवायच्या सुट्टीत टेम्पो बाजूला लावायचास, फोन समोरच्या स्टँडला अडकवायचास, डबा उघडायचास. मी म्हणायचे, तोंडात घास घेऊन बोलू नको, ओठ कळत नाहीत. तू मुद्दाम मोठा घास घ्यायचास.

त्या दिवशीही तसंच. पडघ्याच्या अलीकडे, हायवे सोडून आत, झाडाखाली. भाकरी आणि सुकट. मी विचारत होते, तिखट झालं का? तेवढ्यात तुझ्या खिडकीशी एक माणूस आला. डोक्याला टोपी, चौकड्याचा शर्ट. मागे अजून दोघं. तो तुला म्हणाला, "ए, नीचे उतर. चल, उतर नीचे."

एवढंच, दिन्या. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, मी दुसरं कशाकडे बघणार? पोलीस म्हणायला आधी ओठ मिटावे लागतात. त्याचे मिटले नाहीत. त्याने खिशात हात घातला नाही, कार्ड काढलं नाही.

तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालास, "आजी, तेच आलेत." आणि किल्ली फिरवलीस.

पुढे फोन पडला आणि मला टेम्पोचं छत दिसायला लागलं. गोळीचा आवाज मला आलाच नाही. मला वाटलं, फोन घसरला. मी इकडून ओरडत होते, अरे नीट धर, गाढवा, छत काय दाखवतोस. किती वेळ मी छताला शिव्या देत बसले होते, हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.

ते साध्या कपड्यांतले पोलीस होते, हे मागाहून कळलं. त्यांना हवा होता तो माणूस दुसराच. त्याचा टेम्पो पांढरा, तुझा टेम्पो पांढरा. भिवंडीत पांढरे टेम्पो किती, हे शेंबडं पोरही सांगेल! त्यांच्या कागदात लिहिलंय की आम्ही ओळख सांगितली, कार्ड दाखवलं, तरी चालकाने गाडी अंगावर घातली. मोठे साहेब घरी येऊन गेले. गैरसमजातून घडलं म्हणाले. मी विचारलं, गोळी कोणी मारली? म्हणाले, चौकशी चालू आहे. मी विचारलं, तो माणूस कामावर आहे का घरी? म्हणाले, चौकशी चालू आहे. चहा मात्र सगळा प्यायले.

ताक्यात एक तार तुटलेली सापडली की मालक काय करायचा, आठवतं? ताक्याचं टोक उलटून नंबर बघायचा. कोणता लूम, कोणाची शिफ्ट. निळ्या पेन्सिलीने ते नंबर मीच घालायचे. सुतासाठी माणूस सापडत होता. तुझ्यासाठी अजून सापडला नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तू "तेच आलेत" का म्हणालास, ते मला ठाऊक आहे.

मागच्या वर्षी असेच तिघे साध्या कपड्यांत आले होते, पोलीस म्हणून. तुला खाली उतरवलं, फोन घेतला, कोऱ्या ग्रे कापडाचे ताके उतरवून नेले. चौकीत तक्रार द्यायला गेलास तर दिवसभर बाकावर बसवलं आणि विचारलं, तुझाच हात असेल. संध्याकाळी घरी आलास, जेवला नाहीस. तेव्हा मी तुला बजावलं. "वर्दी दिसल्याशिवाय गाडी थांबवायची न्हाय. साध्या कपड्यात तुझा बाप आला तरी न्हाय."

जन्मात माझं कधी ऐकलं नाहीस. हेल्मेट घाल म्हटलं, ऐकलं नाहीस. गुटखा सोड म्हटलं, ऐकलं नाहीस. हेच एक बरं ऐकलंस! थांबला असतास, खाली उतरला असतास, दोन थोबाडीत खाल्ल्या असत्यास, तर आज डबा तरी परत आला असता.

वकीलबाई चांगल्या आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा काचेच्या पलीकडे उभ्या राहून आपल्या मदतनिसाला म्हणाल्या, या आजींना जमेल असं वाटत नाही. मी अलीकडून म्हटलं, जमेल. तेव्हापासून मला खुर्ची देतात. त्यांनी सांगितलं, त्या माणसाचे ओठ जे म्हणाले तेच सांगा. बजावलेलं सांगू नका. समोरचा वकील लगेच म्हणेल, घरातूनच शिकवून पाठवलेलं होतं पळायला. मग त्यांचं सोपं होईल. तुझ्या बापाचंही तेच मत. तो सध्या एवढंच बोलतो, बाकी भिंतीकडे तोंड करून बसतो.

मलाही ते बरं वाटलं होतं. खोटं काय सांगू? न सांगितलं तर माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही.

पण भीती ती नाही, दिन्या. खरी भीती तीन दिवसांपूर्वी घरात येऊन बसली. एक हवालदार आला, बरोबर एक पोरगेलासा शिपाई. हवालदार आजी आजी करत होता. तोंड मोठं उघडत म्हणाला, तुमचं वय झालं, कशाला धावपळ? नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, असं सांगा, कोणी तुम्हाला काही म्हणणार नाही. मी म्हटलं, बघते. मग तो उठला, दाराशी गेला आणि शिपायाच्या कानाशी लागून काहीतरी बोलला. तोंड अर्धं माझ्याकडे होतं. त्याला वाटलं, म्हातारीला ऐकू येत नाही, म्हणजे विषय संपला.

तो म्हणाला, "हिची नात दापोड्याला गोडाऊनमध्ये आहे. कुठल्या रिक्षाने येते, बघून ठेव."

मी भिंतीला धरून खाली बसले. तो म्हणतो, आजी, सांभाळून.

तुझ्या बहिणीला दोन दिवस सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, रूपा, थोडे दिवस मामाकडे गावी जा. ती पॅकिंगचं काम सोडून जाणारी आहे का? शेवटी काल सगळं सांगितलं. ती माझ्यासमोर बसली, बाप ऐकेल म्हणून आवाज न काढता बोलली, "मी कुठंबी जात न्हाय. परवा सुट्टी टाकते, तुझ्याबरोबर येते. तू बोल. मला भीती न्हाय वाटत."

तिचे ओठ थरथरत होते. आवाजात खोटं लपतं, ओठांत मला सापडतं. पोरगी माझ्याएवढीच घाबरलीय आणि तरी म्हणते, बोल.

वकीलबाईंना सकाळी फोन लावला. हवालदाराचं वाक्य सांगितलं, त्यांनी शब्दाला शब्द लिहून घेतलं. म्हणाल्या, उद्या हे पहिलं सांगायचं, नात माझ्या गाडीतून येईल आणि जाईल. मग मी म्हटलं, बाई, मी ते बजावलेलंही सांगणार. फोनवर त्यांचा चेहरा बघत होते मी. म्हणाल्या, आजी, नुकसान होईल. मी म्हटलं, होऊ दे. त्यांनी पोलीस आहोत हे गाळलं आणि मी माझं वाक्य गाळलं, तर मी त्यांना कोणत्या तोंडाने विचारू? आणि तू वेड्यासारखा का पळालास, हे माझ्या वाक्याशिवाय कोणाला कळणार आहे? तू पोलिसांपासून पळाला नाहीस. पोलीस म्हणवून लुटणाऱ्यांपासून पळालास. दोघांत फरक काय दिसतो, ते त्यांनीच सांगावं.

लाईट आली. जमीन थरथरायला लागली. ग्लासातलं पाणीही हलतंय, दाराशी कोणी आहे का लूमच, ते आता मला कळायचं नाही. तरी उठत नाही, हे पुरं करते.

उद्या सांगते सगळं. त्याचे ओठ, तुझे ओठ आणि माझं तोंड. माझ्या चुकीच्या टोकाला माझा नंबर मी स्वतः घालते, दिन्या. खाली अंगठा नाही, सही करते. आणि मग साहेबांना विचारते, आता तुमचा दाखवा. दाखवेपर्यंत खुर्चीवरून उठत नाही. घाबरून बसेन, पण बसेन.

सुकट तिखट झालं होतं का, ते राहिलंच.

तुझी आजी,
यमुना