तिसरी टाकी

सोमवार, ४

पोचले एकदाची! ड्रायक्लीनिंगचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, पण पाटीवर रंगवलेला कोट अजून कडक इस्त्रीत उभा आहे. कपडे धुवायचं रसायन इथल्या जमिनीत किती दूरवर गेलंय, ते आमच्या कचेरीला हवंय. म्हणून आठवडाभर मुक्काम दुकानाच्याच वरच्या खोलीत. मालकीणबाईंनी दारातच बजावलं, मॅडम-बिडम नको, मावशी म्हण. यजमान गेल्यापासून घरात त्या आणि सून, दोघीच, मुलगा बोटीवर. सुनेला आठवा महिना. जिना चढवत नाही, म्हणून ती खाली जुन्या धुलाईच्या खोलीत झोपते. माझ्यासोबत आलेले ड्रिलवाले काका तीस वर्षं जमिनीला भोकं पाडतायत. त्यांना सगळे घूसमामा म्हणतात, मीही म्हणायचं ठरलं. नकाशात मागच्या अंगणाखाली रसायनाच्या दोन टाक्या आहेत. काम सोपं दिसतंय. घरात एक गोडसर वास आहे. मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, कसला वास?

मंगळवार, ५

दोन्ही टाक्या कोरड्या ठणठणीत. टाक्यांपासून लांब गेलं की मातीतलं रसायन कमी व्हायला हवं. इथे उलटंच. घराच्या भिंतीकडे सरकावं तसा वाफेच्या मीटरवरचा आकडा चढतो. घूसमामा म्हणाले, पाणी कुठेतरी मुरतंय, आणि आपल्याच बोलण्यावर खो खो हसले. मी हसले नाही. सकाळपासून डोकं ठणकतंय. माझ्या ताईला फोनवर सांगितलं, तर तिचा नेहमीचा उपाय, खिडक्या उघडून बस. उघडल्या. चैन मात्र पडेना. तीन वेळा जिना चढले-उतरले, कशासाठी ते आठवत नाही.

बुधवार, ६

आकडा सर्वांत जास्त कुठे, तर सुनेच्या पलंगाखाली. फरशी उचलली. खाली लोखंडी झाकण! नकाशात नसलेली तिसरी टाकी. मावशींचा चेहरा उतरला. यजमानांनी ही टाकी वाळूने भरली होती, असं त्या शपथेवर सांगू लागल्या. घूसमामांनी काठी घातली. चार हात ओली.

सून मात्र शांत होती. म्हणाली, खालून टकटक होते ना, तेव्हाच बाळ हलतं. एरवी नाही.

लोखंड तापलं-निवलं की वाजतं, असं मी तिला समजावलं. तिने मान डोलावली, जशी लहान मुलाच्या बोलण्यावर डोलवतात.

गुरुवार, ७

सकाळी पंप लावला. अकरापर्यंत टाकी रिकामी. एक वाजता पुन्हा चार हात. कुठून येतंय? पाइप नाही, फट नाही, आत दिवा सोडून पाहिलं. घूसमामांनी पुन्हा काठी घातली आणि झटका बसल्यासारखी सोडून दिली. काठी खाली गेली. बुडाल्याचा आवाज आला नाही. मामा पांढरेफटक. खालून कुणीतरी धरली, एवढंच म्हणाले. ड्रिल इथेच टाकून गेले. तीस वर्षं या कामात मुरलेला माणूस.

मावशींना सांगितलं, सुनेला आजच्या आज हलवा, ही वाफ बाळाला बाधेल. त्या रडायला लागल्या. यजमान शेवटचं वर्षभर याच फरशीला कान लावून बसायचे म्हणे. बोलायचे. कुणाशी, ते विचारलं नाही मी.

शुक्रवार, ८

वास गेला. म्हणजे मला येत नाही आता. मीटर तर ओरडतोय.

सहज मीटरवर फुंकर मारली. आकडा पलंगाखालच्याएवढा. पुन्हा मारली. तेवढाच. माझ्या आतून—

ताई चिडली. एकच वाक्य चौथ्यांदा सांगतेस म्हणाली. मी तर तिला आज पहिल्यांदाच—

शुक्रवार, ८

वर शुक्रवार लिहिलाय. अक्षर माझंच. कधी लिहिलं?

शनिवार

टॅक्सी बोलावली. मावशी तयार. सून उठेना. खाली झाकणावर ओणवून हसत होती— म्हणाली, त्याला एकटं नाही ठेवायचं. काखेत हात घालून ओढली. नखं लागली मला. फोन खिशातून पडला, झाकणाच्या फटीतून आत. जाऊ दे. दोघी टॅक्सीत बसल्या. गेल्या. गेल्या, बरं झालं.

झाकण लावून मीही निघते.

दुपार

पाय उचलत नाहीत. पलंगावर बसलेय. दोनच मिनिटं. दार समोर आहे, सात पावलं—

फोन वाजतोय. आत. खाली.

ताईच असणार. या वेळी तीच करते. वाजू दे, थांबेल—

थांबला.

उचलला कुणीतरी. खालून आवाज येतोय, माझा, माझाच आवाज, म्हणतोय, हो ताई, मजेत आहे, तू ये ना इकडे, पत्ता लिहून घे—

ताई नको येऊ