लाल झालेलं वावर

दादा, आपल्या गावच्या विहिरींच्या नकाशाची प्रत काल हाती आली. रंगीत काढायला साठ रुपये, सावेडीच्या माझ्या घरून गावी जाऊन यायला एकशे चाळीस. धाकट्या भावाने माझ्याशी बोलणं टाकलं, ते कुठल्या खात्यात मांडावं कळत नाही.

लहानपणी मी एकदा चपला घालून विहिरीवर गेले, तर तुम्ही पाणी भरू न देता माघारी धाडलंत. देवाच्या दारात चपला घालून जातेस का, म्हणालात. तुमच्या शेवटच्या काळात त्याच विहिरीचं पाणी रंगाच्या डब्यासारखं वासायला लागलं. अजून दिसतं मला. आई पिठलं हाटतेय, तुम्ही घास तोंडाशी नेऊन ताट बाजूला सरकवताय, आणि माहेरपणाला आलेली मी, तुमची लेक, दारात उभी. आपल्या वावराच्या वरच्या अंगाला तात्यांनी, तुमच्या सख्ख्या चुलतभावाने, पत्र्याची शेड ठोकून केमिकलची पिंपं धुणाऱ्याला भाड्याने दिली होती. धुण्याचं पाणी तो तिथल्या कोरड्या बोअरमध्ये सोडायचा. तुम्ही सांगायला गेलात, तुमच्यामागे मी. "पाण्यावर काय माझं नाव लिहिलंय व्हय?" तात्या म्हणाले, आणि पारावरचे सगळे हसले. तुम्ही हात जोडून परत आलात. बापजाद्यांच्या विहिरीला नाही म्हणू नये, म्हणून तेच पाणी पीत राहिलात. तुमचं लिव्हर कशाने गेलं ते डॉक्टरने लिहिलं नाही. मी त्याच्या कागदासाठी थांबले नाही. रोज दिवा लावून तात्यांचं वाईट मागत आले.

यंदा सप्त्याला मी गावी होते, तेव्हा कॉलेजच्या दोन मुली आल्या. कुठल्या जमिनीत काय आहे, पीक, घरं, उकिरडा, हे बघून कुठल्या विहिरीला घाण पोचण्याचा धोका जास्त, ते त्या नकाशावर रंगवत होत्या; सगळ्यात धोक्याचं ते लाल. तात्यांच्या तुकड्याला सातबाऱ्यावर पड, आणि वरून काढलेल्या फोटोत नुसता पत्रा. गावाने सांगितलं, गोठा हाय. सप्त्याची शेवटची पंगत दरसाल तात्यांची असते, त्यांच्या बुंदीवर हात मारून कोण खरं बोलणार? मी म्हटलं, "बाई, गोठा आहे तर शेण कुठंय?" मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मी त्यांना मागच्या बाजूला नेऊन बोअरमध्ये सोडलेला पाईप दाखवला. मोठी मुलगी म्हणाली, "मावशी, हे धरलं तर तुमचं वावरही लाल होईल. पाण्याचा उतार तुमच्याकडेच आहे." धाकट्याने आपल्या वावरासाठी प्लॉटिंगवाल्याकडून इसार घेतलेला, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, होऊ द्या.

नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. बोभाटा झाला तशी पिंपवाल्याने शेड सोडली, तात्यांना नवा भाडेकरू मिळेना. काल देवळासमोर मला अडवून म्हणाले, "पोरी, घरच्या घरात वाटोळं केलंस." मी म्हटलं, "पाण्यावर तुमचं नाव लिहून आणलंय, तात्या. भिंतीवर लावलंय, वाचून घ्या." या वेळी पारावरचं कुणी हसलं नाही.

पण प्लॉटिंगवालाही इसार परत घेऊन गेला. धाकटा म्हणतो, "तायडे, दादांच्या जमिनीला डाग लावलास तू." भाऊबीजेला ये म्हणाला नाही. कीर्तनात बुवा क्षमेवर आले की माझे हात जोडलेले असतात, मन उठून बाहेर जातं.

हे पत्र पेटीत पडायचं नाही, तिकीट वाया घालवणारी मी नव्हे. आणि खरं सांगते, तात्यांचं उतरलेलं तोंड बघून मला गोड वाटलं, अजून वाटतं. तुमचं वावर मी लाल करून घेतलं, ते तुम्हाला चाललं की नाही, एवढं उलट टपाली कळवा. तात्यांना माफ कर असं लिहिणार असाल, तर मात्र राहू द्या.