मोजेरावांचं खोटं

माय,

तू जाऊन अकरा वर्षं झाली. कंधारच्या बालवाडीत तू हातात घालून लेकरांशी बोलायचीस तो बाबांचा तपकिरी मोजा, आपले मोजेराव, अजून माझ्याकडं आहे. डोळ्यांच्या गुंड्या मी दोनदा बदलल्या, तोंडातलं लाल कापड मात्र तुझ्याच पोलक्याचं. इथं किनवटच्या वसतिगृहात नव्या मुलींना घेऊन मी दुपारी जुन्या मोज्यांच्या बाहुल्या शिवत बसते. मला जे सांगत नाहीत ते पोरी मोजेरावांना घडाघडा सांगतात.

तुझा दंडक एकच होता. लहानपणी एका हट्टी पोराला गप्प करायला मी मोजेरावांच्या तोंडून उद्या जत्रेला नेतो म्हणाले, तर तू सगळ्यांदेखत मोजा काढून घेतलास. "आपल्या तोंडून निघतंय कधी खोटं. ह्याच्या तोंडून न्हाई निघू द्यायचं. लेकरं ह्याचं खरं धरतेत." मला तुझा फार राग आला होता. पुढं वर्षभरातच बाबा लातूरच्या दवाखान्यात वारले. तू स्वयंपाकघरात बसलेली आहेस, चूल विझलेली, आणि मोजेराव मला सांगताहेत की बाबा आता येणार नाहीत. तू माझ्याकडं बघत नाहीस. मी मोजा ओढून काढला, तर आत तुझी बोटं अजून त्याचं तोंड धरल्यासारखी वाकलेली होती.

आमच्याकडं पहिलीत एक मुलगी आहे. तिची आई हैदराबादकडं कामाला गेली होती, तिथंच वारली. सगळं तिकडंच उरकल्यावर बापाचा फोन आला. रविवारी न्यायला येतो म्हणाला, आणि मग म्हणाला, "तुमीच सांगा बाई तिला. मला जमंना."

आज दुपारी तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मोजेरावांनाच विचारलं, "माय कधी येनार?" मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण मोजेराव म्हणाले, "दिवाळीला." तिनं त्यांचा मुका घेतला आणि उड्या मारत गेली. तुझ्याइतकी छाती माझी नाही, माय.

हे पत्र कुठं धाडणार, वहीतच राहील. एवढंच सांगायचं होतं की संध्याकाळी मी मोजा धुऊन दोरीवर टाकला. तो मळला नव्हता. उद्या ती मोजेरावांना मागेल, तेव्हा ते ओले आहेत एवढं तरी खरं सांगता येईल.