बिननावाची फिल्म

भिलाई, कॅम्प १
१७ जानेवारी १९६२

प्रिय तेजराम,

जय भीम. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी उलट टपाली दोन ओळीही पाठवल्या नाहीत. रागावू नकोस. रविवारी दुपारी इथे जे घडलं ते आधी सगळं सांगते. माय बरी आहे. रेजाचं काम, म्हणजे बांधकामावरची मजुरी, तिनं दिवाळीपासून सोडली, तरी डोक्यावर घमेली वाहून दुखावलेली मान अजून शेकावी लागते. बाबांना वेल्डिंगमध्ये बढती मिळाली. बढतीचे पेढे वाटताना शेजारच्या गिरजाबाईंनी तुझी चौकशी केली, तर बाबा पेढ्याचा डबा घेऊन तसेच पुढच्या घरी गेले. तू प्लांटचं ट्रेनिंग अर्धवट टाकून फिल्मवाल्यांच्या मागे मुंबईला गेलास, त्या दिवसापासून चार वर्षांत तुझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

रविवारी क्लबच्या हॉलमध्ये खिडक्यांना काळे पडदे लावून प्लांटवरच्या तीन छोट्या फिल्म दाखवल्या. मायनं हट्ट धरला म्हणून बाबा आले. पार खुर्सीपारच्या वस्तीपासून लोक आले होते, मागे उभं राहायलाही जागा नव्हती. पहिल्या दोन फिल्म तू डोळे मिटून सांगशील अशा. उंच चिमण्या, मोठमोठं संगीत, भारदस्त आवाजात टनांचे आकडे, आणि आपली माणसं वरून टिपलेली, मुंग्यांसारखी. ओळखीचं कोणी दिसतंय का म्हणून सगळे माना लांब करत होते, पण चेहराच नव्हता एकाला. तिसरीच्या सुरुवातीची फीत मशीनमध्ये तुटली. प्रोजेक्टरवाल्या बाबुलालनं तेवढा तुकडा कापून टाकला, त्यामुळे नावं गेली आणि फिल्म एकदम मधूनच सुरू झाली.

पडद्यावर दुसऱ्याच कुठल्या प्लांटवरची एक बाई पदराची चुंबळ करत होती. संगीत नाही, बोलणं नाही, फक्त सिमेंट कालवणाऱ्या मिक्सरची घरघर. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. तिनं घमेलं उचललं, फळीवरून चढली, वर जाऊन मसाला ओतला. मला वाटलं, आता क्रेन दिसेल, भट्टी दिसेल. पण चित्र तिच्यापाशीच थांबलं. रिकामं घमेलं खाली ठेवून तिनं मान डावीकडे, उजवीकडे वळवली आणि क्षणभर दूर कुठेतरी पाहिलं. शेजारी बघते तर मायचा हात आपोआप स्वतःच्या मानेवर गेलेला. त्यानंतर क्रेनही आली, पण आधी दिसली तिची सावली, तार बांधणाऱ्या खलाशी मजुराच्या चेहऱ्यावर. भट्टी उघडली तेव्हाही वितळलेलं लोखंड दिसायच्या आधी त्याचा उजेड पाहणाऱ्या चौघांवर पडला.

तेव्हा मला सत्तावन्न साल आठवलं. भंडाऱ्याहून आलो, टिनाच्या झोपडीत राहत होतो. पहिल्यांदा तो मोठा गर्डर वर चढला तेव्हा सगळी वस्ती आभाळाकडे तोंड करून उभी होती आणि तू एकटा खाली, साखळी बांधून बाजूला झालेल्या माणसाकडे बघत होतास. कावून म्हणून मी विचारलं, तर म्हणालास, वर तर सगळेच बघून राहिले, याच्याकडे कोणीच नाही. ही फिल्म तुझीच असेल, असं मला वाटलं. पण बोलायची हिंमत होईना. बाबा शेजारीच होते.

फिल्म संपली, पडदे सरले, तरी कोणी उठेना. मागून कोणीतरी ही परत लावा म्हणालं, मग सगळेच म्हणू लागले. क्लबचे सेक्रेटरी शामसुंदरबाबू हसून समजावू लागले की तिन्ही फिल्म मुंबईच्या एकाच फिल्म ऑफिसच्या आहेत, कॅमेरा शेवटी मशीन आहे, कोणीही फिरवला तरी चित्र तेच येतं. तेवढ्यात बाबा उभे राहिले. भरल्या सभेत बाबा कधी बोललेत का, तूच सांग. ते म्हणाले,

"बाबूजी, वेल्डिंगची मशीनबी एकच असते. पन शिवण पाहून मी सांगतो कोनाच्या हातची हाये. हे माह्या तेजरामच्या हातचं हाये."

कोणीतरी मागे हसलं. शामसुंदरबाबूंनी अवघडून बाबुलालला रिळाचा डबा बघायला सांगितलं. त्यानं झाकण उघडलं, आतला टाईप केलेला कागद काढला आणि मोठ्यानं वाचला: दिग्दर्शक, तेजराम धोंडबा बनसोड. तुझ्या नावामागे बाबांचं नाव त्या हॉलमध्ये घुमलं, तेजराम. टाळ्या किती वेळ चालल्या ते मला सांगता येणार नाही. बाबांच्या खात्यातल्या फकिरानं त्यांना मिठी मारली, शामसुंदरबाबूंनी स्वतः येऊन हात जोडले, आणि बाबुलालनं फिल्म पुन्हा लावली. दुसऱ्या वेळी बाबांनी पडद्याकडे कमी आणि पाहणाऱ्या लोकांकडेच जास्त पाहिलं. घरी येताना रस्त्यात जो भेटेल त्याला थांबवून स्वतः सांगत होते, माह्या पोरानं बनवली.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलं होतंस, फिल्म ऑफिसचे साहेब म्हणतात, तुझं चित्र नको तिथे रेंगाळतं, ही नजर नाही, ही चूक आहे. मी थकलो ताई, बाबांना विचारून प्लांटच्या नोकरीचा फॉर्म पाठव. ते पत्र मी बाबांना वाचून दाखवलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते फॉर्म घेऊन आले. मीच तो भरून ठेवला होता, तुझी सही तेवढी राहिली होती. सोमवारी सकाळी ड्युटीवर जाण्याआधी बाबांनी तो मागून घेतला आणि ऑफिसात परत देऊन आले. संध्याकाळी माझ्यासमोर बसून त्यांनी हे पत्र लिहायला सांगितलं. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते: "त्याले लिही, वेल्डर इथं लय हायेत. साहेब काहीबी म्हनू दे, तू तसाच थांबून पाहत जाय. अन् घरी ये. मी दुर्ग टेशनवर येतो तुले घ्यायले."

तुझीच,
मथुराताई